गॉर्डन पास्क यांचे लोखंडी धागे : स्वनियमन नेमके कोठून येते?

प्रयोगवही

नमस्कार. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. विज्ञान मंडळातील मुलांबरोबर यंदा विद्युत अपघटनाने धातूच्या शाखायुक्त रचना वाढवण्याचा प्रकल्प हाती घेतला आहे. त्यासाठी वाचन करता करता गॉर्डन पास्क (१९२८–१९९६) या ब्रिटिश सायबरनेटिक्स-तज्ज्ञाच्या (यंत्रे आणि सजीव यांतील नियंत्रणाचा अभ्यास करणाऱ्याच्या) प्रयोगांपर्यंत येऊन पोहोचले. नोव्हेंबर १९५८ मध्ये टेडिंग्टनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत विचारप्रक्रियांच्या यांत्रिकीकरणावर जो परिसंवाद झाला, त्यात त्यांनी या उपकरणांविषयी निबंध सादर केला होता. ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात मांडते.

एका पात्रात हिराकशीचे (फेरस सल्फेटचे) आम्लयुक्त द्रावण घ्यायचे, त्यात प्लॅटिनमचे अनेक इलेक्ट्रोड ठेवायचे आणि त्यांमधून मर्यादित विद्युतप्रवाह सोडायचा. इलेक्ट्रोडांच्या दरम्यान लोखंडाचे बारीक धागे वाढू लागतात, त्यांना फाटे फुटतात, काही धागे टिकतात आणि काही पुन्हा द्रावणात विरघळून जातात. एखाद्या धाग्याचा तुकडा काढून टाकला तर ती जागा भरून येते. येथपर्यंत माझ्या विषयाच्या आधारे समजते. पुढे मात्र पास्क असे नोंदवतात की, पात्राला आवाज ऐकवत राहिल्यास, आणि जाळ्याने आवाजाला प्रतिसाद दिला की बक्षीस म्हणून त्याला अधिक प्रवाह दिल्यास, साधारण अर्ध्या दिवसात ते जाळे सुमारे ५० हर्ट्‌झ आणि सुमारे १०० हर्ट्‌झ अशा दोन आवाजांत भेद करू लागले. पात्रात कोणीही मायक्रोफोन ठेवलेला नव्हता. ध्वनीला संवेदनशील असा भाग त्या धाग्यांतच तयार झाला.

या उपकरणांना सर्वत्र 'स्वनियमन करणारी' म्हटले जाते, परंतु येथे थर्मोस्टॅटसारखा कोणताही वेगळा नियंत्रक दिसत नाही. मग नियमन करते कोण, आणि कशाच्या योगे? दुसरे असे की आमच्या प्रयोगशाळेत मोरचूद (कॉपर सल्फेट) भरपूर आहे आणि तांब्याची झाडे सुंदर वाढतात, तर लोखंडाऐवजी तांबे घेतल्यास काही बिघडेल का? आणि मुलांपैकी एकीने विचारलेला प्रश्न, ज्याचे उत्तर मला देता आले नाही : बक्षीस केव्हा द्यायचे हे जर माणूसच ठरवतो, तर शिकले कोण, धागे की माणूस?

ऋणाग्र

ताई, आपला पहिला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि दुसऱ्याचे उत्तर त्यातूनच निघते. म्हणून त्या दोहोंवर सविस्तर लिहितो. तिसऱ्या प्रश्नावर येथील इतर जाणकार अधिक नेमके सांगू शकतील.

ऋणाग्राच्या (वीजस्रोताच्या ऋण टोकाला जोडलेल्या इलेक्ट्रोडच्या) पृष्ठभागावर योगायोगाने एखादा उंचवटा निर्माण झाला की त्याच्या टोकाशी विद्युतक्षेत्र अधिक तीव्र असते आणि ताज्या द्रावणातील आयन त्याच्यापर्यंत आधी पोहोचतात. त्यामुळे टोक सपाट भागापेक्षा वेगाने वाढते, आणि जितके पुढे जाते तितका त्याचा लाभ वाढत जातो. विटेन आणि सँडर यांनी १९८१ मध्ये, यदृच्छेने भटकणारे कण येऊन चिकटत गेल्यास कशी रचना होते याचे जे प्रारूप मांडले, ते याच प्रक्रियेचे सार आहे; आणि १९८४ मध्ये मात्सुशिता व त्यांच्या सहकाऱ्यांनी जस्ताची पसरट 'पाने' वाढवून त्यांची अपूर्णांकी मिती (फांद्यांनी जागा किती दाट भरली आहे याचे माप) सुमारे १.६६ मोजली, ती त्या प्रारूपाशी चांगली जुळली. हा भाग पुस्तकांत सर्वत्र सापडतो. परंतु यात नियमन काहीच नाही. ही केवळ वाढीला वाढ देणारी प्रक्रिया आहे, आणि ती एकटीच असती तर पात्रात एक जाडजूड पूल बांधला जाऊन गोष्ट संपली असती.

नियमन सुरू होते ते धागा समोरच्या इलेक्ट्रोडला टेकल्यावर. पास्क यांनी एकूण प्रवाहावर मर्यादा घातली होती, हे बहुतेक वर्णनांत एका वाक्यात येऊन जाते. माझ्या मते मात्र सगळे उपकरण त्याच एका अटीवर उभे आहे. थोडा हिशेब करून पाहू. ०.१ मिलिमीटर जाडीची आणि २ सेंटिमीटर लांबीची सलग लोखंडी तार घेतली तर तिचा रोध सुमारे पाव ओहम येतो. तिच्यातून १० मिलिअँपिअर प्रवाह जात असेल तर तिच्या दोन टोकांमधील विभवांतर केवळ अडीच मिलिव्होल्ट. प्रत्यक्षातील धागा सच्छिद्र आणि वेडावाकडा असतो, म्हणून हा आकडा दहापट किंवा शंभरपट धरला तरी तो पाव व्होल्टाच्या पुढे जात नाही. आता ऋणाग्रावर फेरस आयनांपासून लोखंड जमा होण्यासाठी, आणि त्याच वेळी धनाग्रावर फेरस आयनांचे फेरिकमध्ये ऑक्सिडीकरण होण्यासाठी, प्रमाण विभवांनुसार (पदार्थ इलेक्ट्रॉन किती सहज घेतो याच्या ठरलेल्या मापांनुसार) निदान १.२ व्होल्टच्या आसपास विभवांतर लागते. म्हणजे धागा जोडला गेला त्या क्षणी त्या जोडीमधील विद्युत अपघटन जवळपास थांबते. प्रवाह चालूच असतो, पण तो आता धातूतून वाहतो आणि द्रावणात काहीही जमा करत नाही.

येथून पुढे आम्लाचे काम सुरू होते. जोवर धागा ऋणाग्राचाच भाग होता तोवर त्याला विद्युत संरक्षण होते. गंजापासून वाचवण्यासाठी जमिनीखालच्या लोखंडी नळांना ऋण विभवावर ठेवतात, तेच संरक्षण. जोडणी होताच ते जाते आणि आम्ल लोखंडाला खाऊ लागते. त्यात भर म्हणजे इलेक्ट्रोड प्लॅटिनमचा आहे. प्लॅटिनमवर हायड्रोजन अतिशय सहज सुटतो, त्यामुळे त्याला चिकटलेले लोखंड एकटे असते तर ज्या वेगाने विरघळले असते त्याहून अधिक वेगाने विरघळते. धनाग्राजवळ तयार झालेले फेरिक आयनही लोखंडावर हल्ला करतात. धागा बारीक होत जातो, कोठेतरी तुटतो, विभवांतर पुन्हा चढते आणि त्या फटीत पुन्हा वाढ सुरू होते. तुकडा काढला तर जागा भरून येते, तीही याच कारणाने. त्या दुरुस्तीसाठी कोणतीही वेगळी यंत्रणा नाही. जो प्रसंग उपकरणात सतत घडत असतो, तोच आपण चिमट्याने घडवून आणलेला असतो.

एकाऐवजी अनेक इलेक्ट्रोड असले की याच अटीतून स्पर्धा निर्माण होते. एकूण प्रवाह ठरलेला असल्याने एका मार्गाने अधिक घेतला की दुसऱ्याला कमी मिळतो, आणि ज्याला कमी मिळतो तो आम्लापुढे टिकत नाही. म्हणून कोणत्याही क्षणी पात्रात दिसणारे जाळे हे साठत गेलेल्या धातूचे शिल्प नसून, जमा होणे आणि विरघळणे या दोन वेगांमधला चालू समतोल असतो. प्रवाह बंद केला तर पास्क यांचे जाळे राहत नाही. नियंत्रक कोठे आहे असे आपण विचारले आहे. तो आम्ल आणि प्रवाहमर्यादा या दोघांत मिळून आहे, आणि त्यांपैकी एक जरी काढला तरी स्वनियमन संपते.

आता तांबे. तांब्याचे प्रमाण विभव +०.३४ व्होल्ट आहे आणि लोखंडाचे −०.४४. सौम्य गंधकाम्ल तांब्याला हायड्रोजन सोडून विरघळवू शकत नाही. द्रावणात विरघळलेल्या ऑक्सिजनमुळे जे काही होते ते फारच संथ. त्यामुळे मोरचुदात वाढवलेले झाड वाढेल, पण मागे येणार नाही, आणि एकदा जोडले गेलेले मार्ग कायमचे राहतील. जे उपकरण विसरू शकत नाही त्यात स्पर्धेला अर्थ उरत नाही. आपल्या मुलांना दोन्ही द्रावणे शेजारी शेजारी ठेवून हा फरक दाखवता आला, तर मी त्याला पूर्ण प्रकल्प म्हणेन.

भोसरीकर

मी प्लेटिंगचा व्यवसाय करतो, संशोधक नाही. परंतु वरील उत्तरातील विरघळण्याच्या मुद्द्याला आमच्या क्षेत्रातून दुजोरा देता येईल म्हणून लिहीत आहे.

आमच्या दृष्टीने धातूला फांद्या फुटणे हा दोष आहे. बाथमध्ये करंट जास्त झाला किंवा द्रावण हलते राहिले नाही, तर जॉबच्या कडांवर आणि कोपऱ्यांवर खरखरीत दाणे आणि काटे येतात, कारण करंट तेथेच एकवटतो. ते टाळण्यासाठी ब्राइटनर व लेव्हलर घालतात. तांब्याच्या शुद्धीकरणात त्यासाठी सरस आणि थायोयुरिया फार पूर्वीपासून वापरात आहेत. ही द्रव्ये उंचवट्यांवर चिकटून बसतात आणि तेथील वाढ रोखतात. म्हणजे ऋणाग्र यांनी सांगितलेली वाढीला वाढ देणारी प्रक्रिया मोडून काढण्यासाठीच आमचे निम्मे कौशल्य खर्च होते. ताईंनी प्रयोगासाठी द्रावण घेताना ते प्लेटिंगच्या दुकानातून आणलेले नसावे, हे म्हणूनच सुचवतो. त्यातील ॲडिटिव्हमुळे धागे वाढणारच नाहीत.

विरघळण्याविषयी. जस्ताच्या खनिजापासून विद्युत अपघटनाने जस्त काढणाऱ्या कारखान्यांत तीव्र गंधकाम्लयुक्त द्रावण असते, आणि तेथे वीज गेली की ॲल्युमिनियमच्या पत्र्यांवर जमा झालेले जस्त पुन्हा द्रावणात जाऊ लागते व हायड्रोजन सुटतो. द्रावणात कोबाल्ट, निकेल किंवा अँटिमनी अगदी अल्प प्रमाणात जरी राहिले तरी हे विरघळणे कितीतरी पटींनी वाढते, म्हणून द्रावणाच्या शुद्धतेवर तेथे एवढा भर असतो. तांब्याच्या शुद्धीकरणात वीज गेल्यास असे होत नाही. पास्क यांनी जे जाणूनबुजून साधले, ते जस्ताच्या उद्योगात संकट म्हणून परिचित आहे. एखादी रचना करंट असेपर्यंतच धातू असते, हे तेथे काम करणाऱ्याला सिद्धांताने पटवावे लागत नाही.

आणखी एक सूचना. लोखंड हा झाडासारखा वाढायला फारसा अनुकूल धातू नाही. चांदी, कथील, शिसे, जस्त हे झटकन फांद्या सोडतात. लोखंड आणि निकेल यांचा कल घट्ट, बारीक कणांचा थर देण्याकडे असतो. तेव्हा पहिल्या प्रयत्नात धागा न येता काळपट भुकटी आली तर मुलांनी खचून जाऊ नये.

तरंगलांबी

रसायनाचा भाग उत्तम स्पष्ट झाला. मी ध्वनिसंकेतांच्या विश्लेषणाचे काम करतो, आणि मला या 'काना'विषयी, म्हणजे धाग्यांत तयार झालेल्या ध्वनिसंवेदी भागाविषयी, एक गंभीर शंका आहे जी या चर्चेत नोंदवली जावी असे वाटते.

ताईंनी दिलेल्या दोन कंप्रता पुन्हा पाहाव्यात : सुमारे ५० आणि सुमारे १०० हर्ट्‌झ. ब्रिटनमधील घरगुती वीजपुरवठा ५० हर्ट्‌झचा आहे, आणि तो पूर्णलहरी दिष्टकारकातून (प्रवाह एकाच दिशेचा करणाऱ्या उपकरणातून) काढला की उरणारी लहर १०० हर्ट्‌झची असते. ज्या खोलीत हा प्रयोग झाला असेल त्या खोलीत या दोन्ही कंप्रतांचे विद्युतचुंबकीय अस्तित्व आधीच असणार. द्रावणातून जाणारा प्रवाहही दिष्टकारकातूनच घेतलेला असेल तर ही लहर त्याच्यातही असू शकते. अशा स्थितीत धाग्यांचे जाळे हवेतील कंपनांना प्रतिसाद देत होते की ध्वनी निर्माण करणाऱ्या उपकरणाकडून तारांवाटे पोहोचलेल्या संकेताला, हे वेगळे करण्यासाठी नियंत्रण-प्रयोग हवा. ध्वनिवर्धक चालू ठेवून तो पात्रापासून कंपनदृष्ट्या अलग करावा, आणि उलट, विद्युत उपकरण काहीही नसताना केवळ यांत्रिक कंपन द्यावे. 'काना'चे छापील वर्णन मोजक्या वाक्यांचे आहे आणि असे प्रयोग त्यात आलेले नाहीत.

पास्क यांच्या प्रामाणिकपणाविषयी मला संशय नाही. परंतु 'धाग्यांनी ऐकायला शिकले' हे विधान आपण मुलांसमोर करणार असू, तर त्याआधी 'ऐकणे' म्हणजे कोणत्या मार्गाने आलेला संकेत, हे निश्चित करणे आवश्यक आहे. दुसरा मुद्दा त्या विद्यार्थिनीच्याच प्रश्नाचा : प्रवाह वाढवायचा की नाही हे ठरवणारा माणूस आवाज स्वतःच्या कानांनी ऐकत होता. मग उपकरणातील भेद हा त्याच्या कानाची प्रतिकृती ठरतो.

मंजिरी

तरंगलांबी यांची शंका रास्त आहे, आणि तिला बळ देणारे एक प्रत्यक्ष उदाहरण उपलब्ध आहे. मी चेतासंस्थेवर आधारित संगणनरचनांवर काम करते, त्यामुळे हा इतिहास आमच्या नेहमीच्या वाचनातला आहे.

ससेक्स विद्यापीठात एड्रियन थॉम्पसन यांनी १९९६ च्या सुमारास झायलिंक्स कंपनीच्या पुनर्रचना करता येणाऱ्या चिपवरील केवळ १०० घटकांच्या चौकटीत, उत्क्रांतीसारखी निवडपद्धती वापरून, १ किलोहर्ट्‌झ आणि १० किलोहर्ट्‌झ यांत भेद करणारे मंडल (विद्युत परिपथ) तयार होऊ दिले. कोणतेही घड्याळ-संकेत (क्रिया ठरावीक तालात घडवणारे संकेत) न देता ते मंडल काम करू लागले, आणि त्यातील काही घटक उत्तराच्या मार्गाशी जोडलेले नसतानाही ते काढले की भेद करण्याची क्षमता बिघडत असे. त्याच विद्यापीठात जॉन बर्ड आणि पॉल लेझेल यांनी २००२ मध्ये जे प्रसिद्ध केले ते तर आपल्या प्रश्नाला थेट भिडते. त्यांना आंदोलक (ठरावीक तालात चढ-उतार करणारा संकेत निर्माण करणारे मंडल) हवा होता, आणि निवडपद्धतीने जे मंडल पुढे आणले ते स्वतः आंदोलन निर्माण करत नव्हते. छापील पट्टीवरील तांब्याच्या रेषांचा अँटेना करून ते जवळच्या संगणकातून बाहेर पडणारे संकेत ग्रहण करत होते आणि वाढवून देत होते. म्हणजे आंदोलकाऐवजी रेडिओ तयार झाला.

पास्क यांच्या पात्रातही वीजपुरवठ्याची लहर घुसली असेल ही शक्यता मी नाकारत नाही. पण ते तसे घडले असेल, तरी पास्क जे सांगू पाहत होते ते त्यातून अधिकच स्पष्ट होते. आपण एखादे यंत्र बांधतो तेव्हा जगातील कोणती राशी त्याला 'जाणवेल' हे आधीच ठरवतो. तापमापीला आवाज शिकवता येत नाही. पास्क यांच्या उपकरणात ही निवड बांधणाऱ्याने केलेली नव्हती. धाग्यांच्या वाहकतेवर परिणाम करू शकणारी कोणतीही गोष्ट, मग ते कंपन असो, तापमान असो, चुंबकक्षेत्र असो किंवा तारेतील लहर असो, संवेदनाचा मार्ग होण्यास पात्र होती. चुंबकीय संवेदकही अशाच रीतीने मिळाल्याचे त्यांनी नोंदवले आहे. कानाविषयी ते लिहितात की जाळ्यात एक फट तयार झाली आणि तिच्यातील सूक्ष्म तंतू उद्दीपनाच्या कंप्रतेला अनुनादाने कंप पावत होते. पीटर कॅरियानी यांनी १९९३ मध्ये या प्रयोगांचा जो ज्ञानमीमांसात्मक अभ्यास लिहिला, त्याचा भर याच गोष्टीवर आहे की येथे यंत्राने आपले संवेदक स्वतः घडवले, केवळ दिलेल्या संवेदकांतून येणारी माहिती नव्याने जुळवली नाही.

म्हणून त्या विद्यार्थिनीला माझे उत्तर असे असेल. बक्षीस माणसाने दिले, हे खरे. काय साध्य करायचे हेही माणसाने ठरवले. पण ते कसे साध्य करायचे, कोणता तंतू कोठे ठेवायचा, कोणती फट किती रुंद हवी, हे त्याने ठरवले नाही, आणि त्याला ते ठरवता आलेही नसते. शिक्षकाला परिणाम ओळखता येत होता, रचना ठाऊक नव्हती. शिकण्याची हीच व्याख्या घेतली तर शिकले ते धागे. तरंगलांबी यांनी 'प्रतिकृती' म्हटले आहे, तेथे माझा मतभेद आहे : त्या माणसाच्या कानातील एकही भाग पात्रात उतरला नव्हता, उतरला होता तो फक्त त्याचा होकार.

याच काळातील एक विरुद्ध दिशेचे उदाहरण सांगितले तर पास्क यांचे वेगळेपण ध्यानात येईल. स्टॅनफर्डमध्ये बर्नार्ड विड्रो यांनी १९६० मध्ये 'मेमिस्टर' नावाचा घटक तयार केला. त्यात पेन्सिलीतील ग्रॅफाइटच्या कांडीवर तांब्याचे विलेपन कमी-अधिक करून तिचा रोध हवा तेवढा ठेवता येत असे, आणि तो रोध म्हणजे शिकणाऱ्या मंडलातील एक भार (एखाद्या संकेताला किती महत्त्व द्यायचे तो आकडा). रसायन जवळपास तेच, पण तेथे तांबे निवडले गेले कारण लक्षात ठेवलेला आकडा टिकायला हवा होता, आणि कोणता आकडा कोठे साठवायचा हे अभियंत्याने आधीच आखलेले होते. ऋणाग्र यांनी तांबे आणि लोखंड यांत जो भेद दाखवला, तोच येथे दोन विचारसरणींमधला भेद म्हणून दिसतो.

आज ही दोन्ही अंगे पुन्हा एकत्र येत आहेत. चांदीचा सूक्ष्म तंतू दोन इलेक्ट्रोडांमध्ये वाढवून किंवा तोडून माहिती साठवणाऱ्या स्मृतिघटकांत, तंतू किती जाड होईल हे बाहेरून घातलेल्या प्रवाहमर्यादेवरच ठरते. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲम्हर्स्ट येथील गटाने २०१७ मध्ये दाखवलेल्या घटकांत तर ऑक्साइडच्या थरातील चांदीचा पूल विभवांतर काढताच आपोआप विखुरतो. तेथे आम्ल नाही, पृष्ठताण आणि विसरण (कणांचे आपोआप पसरत जाणे) यांमुळे हे घडते. परंतु विसरण्याची क्षमता हा दोष न मानता उपयोगात आणलेली आहे. आपल्याकडे बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात चांदीच्या पातळ थराला तापवून तयार होणाऱ्या फांद्यायुक्त बेटांच्या जाळ्यावर असेच काम झाले आहे.

तरंगलांबी

'होकार' हा शब्द मला मान्य आहे, आणि प्रतिकृतीचा माझा मुद्दा मी मागे घेतो. नियंत्रण-प्रयोगाची गरज मात्र तशीच राहते. कोणताही मार्ग चालत असेल तर कोणता मार्ग निवडला गेला हे शोधून काढण्याची जबाबदारी प्रयोग करणाऱ्यावर अधिक येते, कमी होत नाही; बर्ड आणि लेझेल यांनी ते शोधले म्हणूनच त्यांचा निष्कर्ष मोलाचा ठरला.

ताईंनी कधी ध्वनीपर्यंत मजल मारलीच, तर प्रवाह बॅटरीवरून घ्यावा, आणि कंप्रता ७० व १३० हर्ट्‌झसारख्या, म्हणजे वीजपुरवठ्याशी कोणताही सोपा संबंध नसलेल्या निवडाव्यात.

प्रयोगवही

आपणा सर्वांचे मनापासून आभार. विद्यार्थिनीला मंजिरी यांचे उत्तर वाचून दाखवले. तिचे म्हणणे असे की 'मग बक्षीस देणेही धाग्यांकडेच सोपवले तर?' हा प्रश्न आम्ही फलकावर लिहून ठेवला आहे.

ध्वनीचा भाग आमच्या आवाक्याबाहेर आहे हे जाणून, सध्या फक्त स्वनियमन दाखवायचे ठरवत आहोत. प्लॅटिनम आमच्याकडे नाही. ग्रॅफाइटच्या कांड्या चालतील का, आणि धागा तुटतो-जुळतो आहे हे डोळ्यांनी पाहण्याव्यतिरिक्त नोंदवता कसे येईल, एवढे सांगावे. भोसरीकर यांच्या सूचनेनुसार कथील वापरणे अधिक सोपे पडेल का?

ऋणाग्र

ग्रॅफाइट चालेल, मात्र एक फरक ध्यानात ठेवावा : ग्रॅफाइटवर हायड्रोजन प्लॅटिनमइतका सहज सुटत नाही, म्हणून जोडला गेलेला धागा सावकाश विरघळेल आणि प्रत्येक आवर्तन लांबेल. धीराने पाहणाऱ्या मुलांसाठी ती अडचण नाही.

कथिलाविषयी भोसरीकर यांचे निरीक्षण अचूक आहे. स्टॅनस क्लोराइडच्या आम्लयुक्त द्रावणात कथिलाचे चकचकीत स्फटिक काही मिनिटांतच पात्र ओलांडून जातात आणि दिसायला फार देखणे असतात. पहिल्या दिवशी मुलांना टोकाची वाढ समजावून देण्यासाठी तेच वापरावे. धनाग्रही कथिलाचेच घ्यावे, कारण क्लोराइडच्या द्रावणात ग्रॅफाइटच्या धनाग्रावर क्लोरीन सुटू शकतो. कल्हईसाठी मिळणारी कांडी शुद्ध कथिलाची असेलच असे नाही, तिच्यात शिसे असू शकते; तेव्हा रसायनांच्या दुकानातूनच घ्यावे. परंतु कथिलावर हायड्रोजन अतिशय कष्टाने सुटतो, म्हणून सौम्य आम्लात ते विरघळायला फार वेळ घेते. स्वनियमन दाखवायचे असेल तर पुन्हा लोखंडाकडेच यावे लागते. या दोघांपैकी जो धातू सहज वाढतो तो सहज परत जात नाही, आणि जो परत जातो तो वाढायला कुरकुर करतो. पास्क यांच्या निवडीचा मला वाटणारा आदर याच ठिकाणी आहे.

लोखंडासाठी हिराकशीचे ताजे, हिरवट निळसर द्रावण घ्यावे आणि गंधकाम्लाचे थेंब घालून सामू २ ते ३ च्या दरम्यान ठेवावा. सामू याहून बराच वर गेला तर फेरिक हायड्रॉक्साइडचा तपकिरी गाळ येऊन धागा दिसेनासा होतो, आणि बराच खाली गेला तर बहुतेक प्रवाह हायड्रोजन सोडण्यातच जातो. द्रावणाचा थर उथळ असावा आणि पात्र हलू नये. ९ व्होल्टची बॅटरी आणि तिच्याशी एकसरीत सुमारे १ किलोओहमचा रोधक जोडल्यास प्रवाह ९ मिलिअँपिअरच्या पुढे कधीही जाणार नाही. पास्क यांची प्रवाहमर्यादा आपल्याला एवढ्या साध्या मार्गाने मिळते. वर धरलेल्या मापाच्या तारेत सव्वा मिलिग्रॅमच्या आसपास लोखंड असते, आणि फॅराडेच्या नियमानुसार ९ मिलिअँपिअर प्रवाह तेवढे लोखंड सुमारे ८ मिनिटांत जमा करू शकतो. प्रत्यक्षात हायड्रोजनमुळे याहून बराच अधिक वेळ लागेल, आणि तो किती अधिक लागला यावरून प्रवाहाचा किती भाग वाया गेला हे मुलांना स्वतः काढता येईल.

नोंदीसाठी दोन इलेक्ट्रोडांना समांतर मल्टिमीटर लावून ठरावीक अंतराने विभवांतर लिहीत जावे. धागा वाढत असताना ते काही व्होल्ट असेल; जोडणी होताच ते एकदम शून्याजवळ कोसळेल; काही काळ तेथेच राहील, आणि धागा तुटला की उडी मारून पुन्हा वर जाईल. हा आलेख आयताकृती चढ-उतारांचा येईल. खाली राहण्याचा काळ आम्लाच्या तीव्रतेनुसार बदलतो का, आणि वर राहण्याचा काळ प्रवाहानुसार बदलतो का, हे तपासले की जमा होण्याचा वेग आणि विरघळण्याचा वेग वेगवेगळे मोजल्यासारखे होईल. त्यानंतर इलेक्ट्रोडांच्या दोन जोड्या एकाच रोधकामागे समांतर जोडून पाहाव्यात : एका जोडीतील धागा टेकला की दुसऱ्या जोडीतील अर्धवट वाढलेल्या धाग्याचे काय होते, हे पाहणे म्हणजेच स्पर्धा पाहणे.

आपल्या विद्यार्थिनीच्या नव्या प्रश्नाची सुरुवातही येथूनच करता येईल. एका जोडीचे विभवांतर कोसळले की दुसऱ्या जोडीचा रोधक आपोआप बदलेल असे साधे मंडल जोडले, तर बक्षीस देणारा माणूस त्या एका पायरीपुरता बाजूला होतो. आपल्या भौतिकशास्त्राच्या सहकाऱ्यांना रिले वापरून ते एका दुपारी जमेल.

प्रयोग हवेशीर खोलीत करावा, चष्मे वापरावेत, आणि हायड्रोजन सुटत असल्याने जवळ ज्योत नसावी. संपल्यावर द्रावण थेट मोरीत ओतू नये. धुण्याचा सोडा थोडा थोडा घालून, फेस येणे थांबेपर्यंत आम्ल मारावे, लोखंडाचा गाळ खाली बसू द्यावा, वरचे पाणी भरपूर पाण्यात मिसळून सोडावे आणि गाळ वाळवून प्रयोगशाळेच्या घन कचऱ्यात टाकावा. कथिलाचे द्रावण मात्र त्यात मिसळू नये. ते वेगळ्या बाटलीत साठवून ठेवल्यास पुढच्या वर्षीच्या मुलांना वापरता येईल, फक्त त्यात कथिलाचा एक तुकडा टाकून ठेवावा, म्हणजे स्टॅनस आयनांचे स्टॅनिकमध्ये रूपांतर झाले तरी ते परत येतील.